एक कान बाहेर

पुण्याहून सोलापूरकडे जाताना भिगवण मागे पडले आणि डाळजची हद्द लागली, की मार्गशीर्ष-पौषातल्या सकाळी रस्त्याच्या कडेला बाभळीच्या कुंपणावर पसरलेली एखादी काळी घोंगडी हमखास दृष्टीस पडते. रात्रभर दव पिऊन ती जड झालेली असते. उन्हाची पहिली तिरीप तिच्यावर पडली की तिच्यातून वाफ निघू लागते, आणि धावत्या मोटारीतून पाहणाऱ्याला क्षणभर असा भास होतो की कुंपणच कुठेतरी धुमसते आहे. पलीकडच्या रिकाम्या रानात लेंड्यांचा काळपट थर पडलेला असतो, मेंढरांभोवतीची जाळीची वाघर गुंडाळली जात असते, आणि घोडीच्या पाठीवर जर्मलची भांडी, वाकळा, कोंबड्यांचे खुराडे आणि सर्वांच्या वर कालपरवा जन्मलेले, जगाकडे विस्मयाने पाहणारे एखादे कोकरू असा एक समग्र संसार चढत असतो. पाहता पाहता ते रान मोकळे होते. ज्या जागी काल रात्री माणसे आणि शे-दोनशे जनावरे निजली, त्या जागी तीन काळवंडलेल्या दगडांखेरीज मुक्कामाची कसलीही निशाणी उरत नाही. ही माणसे उघड्यावर, पौषाच्या थंडीत, निजली तरी कशी, हा प्रश्न मला त्या घोंगडीने घातला. आणि पुढे त्याच शिवारातल्या मेंढपाळांच्या एका वाड्यावर, म्हणजे तळावर, रात्र काढण्याचा योग आला तेव्हा तो सुटला असे म्हणता येणार नाही, परंतु त्याचे स्वरूप मात्र पालटले.

डाळज हे एकच गाव नव्हे. सरकारी दप्तरात ते एक, दोन आणि तीन अशा क्रमांकांनी नोंदलेले आहे, आणि ही मांडणी कोणत्याही कवीला रुचणारी नसली तरी महसूल खात्याने कवींच्या रुचीची पर्वा कधी केल्याचे ऐकिवात नाही. गावाच्या उत्तरेस भीमा. १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले आणि येथवर पाण्याचा फुगवटा आला, तेव्हापासून ती नदी न राहता यशवंतसागर नावाचे विस्तीर्ण पाणी झाली. त्या पाण्याने किती तरी गावांची जुनी घरे, पांढरी, पाणवठे पोटात घेतले, आणि थोडे पुढे पळसदेवचे प्राचीन देऊळ, पाणी ओसरले की उन्हाळ्यात पुन्हा वर येते. दक्षिणेस मात्र पर्जन्यछायेतला मुरमाड माळ पसरलेला, कुसळांचा, खुरट्या बोरी-बाभळींचा. कडबनवाडीकडे गेले तर चिंकारे उभे राहून आपल्याकडे रोखून पाहतात आणि लांडग्यांचाही वावर असतो. एकीकडे सागर म्हणवणारे पाणी, दुसरीकडे पाण्याला पारखी झालेली जमीन, आणि मध्ये उसाचा हिरवा पट्टा. हिवाळ्यात ह्या तिन्ही ठिकाणी उघड्यावर निजणारी माणसे असतात, आणि त्यांची थंडी एकच असली तरी तिच्याशी त्यांचा व्यवहार वेगवेगळा असतो.

ह्या थंडीला हिमालयीन थंडीचा मान कोणी देणार नाही. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दव गोठले की त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत छापून येतात. निफाडकडे पारा खाली गेला की द्राक्षबागांच्या ओळींतून बागाईतदार शेकोट्या पेटवतात आणि वेलींना ऊब देतात. पुण्याच्या वेधशाळेच्या नोंदीत जानेवारी १९३५ मधील १.७ अंशांची एक रात्र अजून मानाने नांदते आहे. डाळजच्या थंडीचा असा लौकिक नाही. ती दिवसा असतच नाही. दुपारी माळावर डोक्याला फडके बांधावे लागते. पण सूर्य कलला की हवेचा सारा करार बदलतो. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, जमीन कोरडी: दिवसभर मुरमाने साठवलेली उष्णता त्या उघड्या आभाळाकडे विनातक्रार निघून जाते, ढगांचे पांघरूण नसल्याने तिला अडवणारे कोणी नसते, आणि मध्यरात्रीपर्यंत जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होऊन, गार म्हणून जड होऊन, ओढ्याच्या पात्रांत, खळग्यांत, बांधांच्या आडोशाला साचत जाते. पाण्यावर तर निराळाच प्रकार. जलाशयाने दिवसाची ऊब हावरटपणे धरून ठेवलेली असते, आणि पहाटेची गार हवा त्यावर आली की तेथून धुके उठते. ते दिसते सुंदर, परंतु त्याच्या आत बसून चिलापीची जाळी ओढणाऱ्या भोयाला त्याचे सौंदर्य विचारू नये.

मेंढपाळ हे सारे शास्त्र कधी शिकलेला नसतो आणि विसरलेलाही नसतो. वाडा कोठे बसवायचा हे शेतकऱ्याच्या गरजेवर ठरते, कारण रात्रभर रानात मेंढरे बसवावी, त्यांच्या लेंड्या-मुताने जमीन खतवावी आणि त्याबद्दल धान्य किंवा रोकड घ्यावी, अशी ही जुनी वहिवाट आहे. पण त्या रानाच्या कोणत्या अंगाला वाघर उभी करायची आणि चूल कोठे मांडायची, ह्याचा फैसला त्याचा असतो. खळग्यात तो कधी उतरत नाही. पाण्याच्या काठाला, जेथे शहरातून येणाऱ्या हौशी मंडळींचे रंगीत तंबू हटकून लागलेले असतात, तेथे तर मुळीच नाही, कारण काठावर दव दुप्पट पडते आणि पहाटेचे धुके अंथरुणात शिरते. तो उंचवट्याची, किंचित उताराची, मुरमाड जागा धरतो. पाठीशी निवडुंगाचे किंवा बाभळीचे कुंपण घेतो. आणि कुंपण कोणत्या बाजूला हवे हे ठरवण्यासाठी मूठभर धूळ हवेत सोडून ती कोठे जाते ते पाहतो. मी गेलो त्या वाड्यावरच्या म्हाताऱ्या मामांनी ती धूळ सोडली, थोडा वेळ काहीच न बोलता उभे राहिले, आणि मग जणू कोणी वरिष्ठाने हुकूम दिला असावा अशा निश्चयाने घोडीचे ओझे उतरवायला लागले.

घोंगडीविषयी मात्र सावकाश बोलले पाहिजे. दख्खनी मेंढीची लोकर राठ, काळी, आखूड धाग्याची. परदेशी लोकरीचे कापड अंगावर वागवणाऱ्याला ती स्पर्शालाही सहन व्हायची नाही. वर्षातून दोनदा ती कातरतात, धनगराच्या घरी तिचे सूत निघते, आणि मग ती सनगराच्या मागावर जाते. विणताना तिला चिंचोक्याची खळ देतात, आणि म्हणून नवी घोंगडी पाठीवर घेतली तर ती अंगाशी लगट करत नाही. ताठ, परक्या पाहुण्यासारखी उभी राहते आणि पुढे कित्येक पावसाळे, कित्येक हिवाळे सोसल्यावर आपल्या माणसाच्या खांद्यांचा आकार घेते. तिची मोठी करामत अशी की ती ओली असूनही गार पडत नाही. लोकरीचा तंतू आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के इतकी वाफ पोटात घेतो आणि तरी हाताला कोरडा लागतो. इतकेच नव्हे, तर ती वाफ शोषताना तो थोडी उष्णता बाहेर टाकतो. दवाने सारे रान भिजत असताना ही काळी घोंगडी ते दव पिऊन त्याच्याच मोबदल्यात आतल्या माणसाला किंचित ऊब परत करते, हे मला जेव्हा समजले तेव्हा कुंपणावर वाफाळणाऱ्या त्या वस्त्राकडे मी निराळ्या आदराने पाहू लागलो. आता ह्या लोकरीला बाजारात कोणी विचारत नाही. कातरणीची मजुरीही सुटत नाही म्हणून ती बांधावर टाकून देतात, आणि तरुण मेंढपाळाच्या अंगावर आठवडी बाजारातले फुलाफुलांचे, गुळगुळीत, कृत्रिम धाग्याचे ब्लँकेट दिसते. ते हलके असते आणि त्याच्यावर गुलाबाची मोठमोठी फुले असतात. शेकोटीची ठिणगी पडली की मात्र त्याला भोक पडते, आणि घोंगडी ती ठिणगी नुसती जागच्या जागी विझवून टाकते. एवढा एक मुद्दा म्हाताऱ्या माणसांच्या हाती उरला आहे आणि तो ती मंडळी सोडायला तयार नाहीत.

थंडी वरून पडते अशी आपली घरात राहणाऱ्यांची समजूत असते, म्हणून आपण पांघरुणांची चौकशी करतो. उघड्यावर निजणाऱ्याला ठाऊक असते की खरी थंडी खालून येते. जमीन अंगातली ऊब न बोलता, न थांबता ओढून घेत असते, आणि वर चार वाकळा घेतल्या तरी खाली एकच असेल तर पहाटे पाठ लाकडासारखी होते. वाड्यावर मला अंथरूण घालून दिले ते असे: आधी उसाचे वाळके पाचट वीतभर जाडीने, त्यावर रिकामी पोती, त्यावर वाकळ, आणि मग निजणारा, वर फक्त एक घोंगडी. मला ती व्यवस्था उलटी वाटली. रात्री उशिरा, पाचटाच्या थरांत अडकलेली हवा हळूहळू माझ्याच अंगाने तापली आणि ती कोठे निघून जात नाही असे जाणवू लागले, तेव्हा तिच्यातले शहाणपण ध्यानी आले. त्या रानात ऊब निर्माण करणारे साधन असे काही नव्हतेच. एक माझे शरीर, पलीकडे मामांचे, आणि वाघरीच्या आत एकमेकींना चिकटून बसलेल्या, ३९ अंशांच्या आसपास तापमान असलेल्या मेंढ्यांची निरंतर रवंथ करणारी फौज: जी काही उष्णता होती ती एवढ्याच खजिन्यात जमा होती, आणि बाकीचा सारा बंदोबस्त तिची गळती थांबवण्यापुरता होता.

हेच पाचट उसाच्या फडाजवळ घराचे रूप घेते. दिवाळीच्या सुमारास बीड-नगरकडच्या टोळ्या मुकादमाबरोबर ह्या मुलखात उतरतात. भवानीनगरचा छत्रपती कारखाना, शेटफळगढ्याचा, बिजवडीचा, असे अनेक धुराडे असलेले आश्रयदाते त्यांची वाट पाहत असतात. उचल घेतलेली असते, कोयता नवरा-बायकोचा मिळून एक धरलेला असतो, आणि पुढील पाच-सहा महिने राहायचे ते कोपीत. बांबूच्या कामट्या वाकवून रोवायच्या, त्यावर चटई, तिच्यावर पाचट, अलीकडे प्लॅस्टिकचा कागदही. आत उभे राहता येत नाही, पाय लांब केला तर तो चुलीला लागतो. ह्या ठेंगणेपणाची मला पूर्वी नुसती कणव वाटे. पुढे लक्षात आले की दोन मोठी आणि तीन लहान माणसे जेवढ्या हवेला आपल्या श्वासांनी तापवू शकतील तेवढीच हवा त्या कोपीत मावते, आणि हे माप अपघाताचे नाही. अर्थात ह्या चातुर्याचे कौतुक करताना जपले पाहिजे. ज्याला पहाटे तीन-चार वाजता, दवाने ओथंबलेल्या, हात कापणाऱ्या पात्यांत शिरून मोळ्या बांधायच्या आहेत आणि गाडी भरायची आहे, त्याच्या बाबतीत ऊब हा चिंतनाचा विषय होऊ शकत नाही. ती सुटते केव्हा, एवढेच त्याला ठाऊक असते. कोपीबाहेरच्या तीन दगडांच्या चुलीवर पाण्याचा डेचका चढवून एक बाई त्या अंधारात दोन्ही तळहात त्याच्या पत्र्याला लावून बसलेली मी पाहिली आहे. ते पाणी पोरांच्या तोंडधुण्याचे होते. ती स्वतः तेवढ्या वेळात जे काय शेकून घेईल ते तिचे.

पाण्याच्या काठचे तंबू ह्या सर्वांपासून हाकेच्या अंतरावर असतात. रोहित पक्षी पाहायला पुण्या-मुंबईहून येणारी मंडळी त्यांत राहतात, आणि त्यांनी राहू नये असे मला मुळीच वाटत नाही. किंबहुना मीही त्यांच्यातलाच, जन्माने आणि सवयीने. त्यांच्याकडचे साहित्य उत्तम असते. तरी एका गोष्टीचा मला उलगडा होत नाही, ती त्यांची शेकोटी. ज्वाला पुरुषभर उंच, भोवती वर्तुळ, संगीत. आणि वर्तुळातला प्रत्येक जण तोंडाने भाजतो आहे व पाठीने गारठतो आहे, म्हणून दर काही मिनिटांनी सगळे मिळून अंग फिरवतात. एवढे लाकूड जाळून निम्मे शरीर तापवायचे ही उधळपट्टी वाड्यावर कोणाला परवडणार नाही. तेथे शेकोटी असते ती वीतभर. गोवऱ्यांची, जास्त करून धुमसणारी, आणि लोक तिच्याभोवती नव्हे तर तिच्यावर वाकून, घोंगडीचा तंबू करून बसतात, म्हणजे निघालेली ऊब आधी घोंगडीत आणि मग आभाळात. शेजारच्या शेतकऱ्याने त्या रात्री हुरड्याची आगटी केली होती. कोवळ्या ज्वारीची कणसे गोवऱ्यांच्या आरात खुपसायची, हातावर चोळायची, तिळाची चटणी आणि गुळाचा खडा तोंडी लावायचा. खाऊन झाल्यावर मामांनी त्या आगटीची राख सारखी केली, तिच्यावर दोन बोटे माती ओढली, आणि कुत्र्याला तेथे निजायला लावले. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी खायची ही जी आपली रीत, तिच्यात धर्म किती आणि भट्टीत सरपण घालण्याचा हिशेब किती, हे त्या रात्री मला सांगता आले नसते. पोटात कडक भाकरी गेली की तासाभराने बोटांची टोके आपोआप गरम होतात, एवढे मात्र कोणालाही आजमावता येईल.

तंबूतल्या झोपण्याच्या पिशव्यांत, त्या महागड्या असतील तर, हंसाची पिसे भरलेली असतात. ती पिशवी गळ्यापर्यंत ओढून कोणी निजला असेल त्या क्षणी बाहेर, धुक्यात, काही फर्लांगांवर खरे हंस पाण्यावर असतात: पट्टकादंब, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले, लडाख-तिबेटच्या सरोवरांवरून हिमालय ओलांडून आलेले. हे येथे येतात ते उबेसाठी. आपण ज्या रात्रीला कुडकुडतो तीच त्यांची सुखशय्या आहे. रोहित पक्ष्याला तर लांबलचक उघड्या पायांनी सारी रात्र पाण्यात उभे राहायचे असते, आणि त्याने त्याची तजवीज देहातच केलेली आहे: पायांत उतरणाऱ्या उष्ण रक्ताच्या वाहिन्या आणि परत येणाऱ्या गार रक्ताच्या वाहिन्या एकमेकींना लगटून असतात, उतरणारे रक्त आपली ऊब वाटेतच चढणाऱ्या रक्ताच्या हवाली करते, आणि अशा रीतीने पाण्यापर्यंत पोचते ते बहुतांशी निवालेले रक्त, पाण्याला द्यायला त्याच्याजवळ फारसे काही उरतच नाही. शिवाय एक पाय पोटाच्या पिसांत. लडाखच्या त्सो मोरीरीच्या काठी चांगपा नावाचे मेंढपाळ याकच्या केसांचे काळे तंबू ठोकून राहतात, आणि पट्टकादंबाची वीण त्याच सरोवरावर होते. तेव्हा असे असणे शक्य आहे की एखाद्या हंसाने उन्हाळ्यात वर काळे तंबू पाहिले असतील आणि हिवाळ्यात खाली काळ्या घोंगड्या, आणि मनुष्यजात ही सर्वत्र काळीच आणि केसाळ असते असा आपला समज करून घेतला असेल.

मुक्कामाचा विषय निघाला की भीमेच्या काठी इतिहास आठवल्यावाचून राहत नाही. ह्याच नदीवर वरच्या अंगाला पेडगावचा बहादूरगड, जेथे १६८९ साली औरंगजेबाची छावणी होती. खालच्या अंगाला ब्रह्मपुरी, जेथे १६९५ पासून १६९९ पर्यंत बादशहाने तळ दिला. बादशहाच्या डेऱ्यांचा दुहेरी संच असे. एका ठिकाणी तो निजलेला असताना दुसरा संच, पेशखाना, पुढच्या मजलेला रवाना होई, म्हणजे हुजूर स्वारी पोचण्याआधी कनाती उभ्या, गालिचे अंथरलेले. आपल्याकडे मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांत, तंबू-कनाती सांभाळणारा, फरासखाना हा एक, आणि पुण्यात त्या नावाच्या जागी आज पोलिसांचे ठाणे आहे. परंतु एवढा सरंजाम असूनही छावणीतली थंडी शिपायाच्या वाट्याला आली तशीच आली असली पाहिजे. पानिपतावर १७६० च्या आश्विनाच्या अखेरीपासून मराठ्यांचा गोट पडला तो पौष शुद्ध अष्टमीपर्यंत, म्हणजे १४ जानेवारी १७६१ च्या त्या दिवसापर्यंत. दाणावैरण तुटली होती, आणि देशावरच्या, भीमा-नीरेच्या खोऱ्यांतल्या माणसांना उत्तरेचा तो गारठा अनोळखी होता. लढाईची वर्णने आपण पुष्कळ वाचतो. मला त्या अडीच महिन्यांतल्या रात्रींविषयी कुतूहल वाटत राहते; उपाशी पोटी ऊब तयार होत नाही, मग घोंगडी कितीही चांगली असो.

वाड्यावर जेवणे झाली, कोकरे पाटीखाली झाकली गेली, आणि एक अगदी नवे, थरथरणारे पोर मामांच्या घोंगडीत गेले. तिकांडे बरेच वर चढले होते, त्याच्या मागून व्याध लखलखत होता. मी माझी घोंगडी डोक्यावरून घेऊन, कडा सगळीकडून अंगाखाली दाबून, अगदी निश्छिद्र अशी स्वतःची गुंडाळी केली. मामा ते पाहत होते. त्यांनी स्वतः खोळ केली होती, परंतु ती तिरपी. उजवा कान तिच्या बाहेर होता, माळाच्या बाजूला.

"मामा, एवढ्या गारठ्यात झोप लागते का?" मी विचारले.

"लागती की. पर लई लागू द्यायची न्हाय, साहेब."

"आणि तो कान? थंड पडत नाही?"

"पडतो. पडला पायजे. कान उबला की मानूस गेलं, अन् मानूस गेलं की लांडगं आलं. आता तर त्यो बिबट्या बी झालाय उसात."

एवढे बोलून ते आडवे झाले. मला मात्र त्यानंतर बराच वेळ झोप लागली नाही. थंडीपासून संपूर्ण सुटका हे आपण सुखाचे लक्षण मानले आहे, आणि घर, दार, खिडकी, तंबूची चेन, ही सारी त्या संपूर्णतेच्या दिशेने उचललेली पावले आहेत. पण ज्याच्या अंगावर काही राखण्याची जबाबदारी आहे त्याला ती संपूर्णता नको असते. त्याची ऊब मोजून घेतलेली असते. किती घेतली म्हणजे पहाटे हातपाय चालतील आणि किती घेतली म्हणजे कुत्र्याच्या गुरगुरण्यातला फरक कळणार नाही, ह्या दोन टोकांमध्ये तो रात्र काढतो, आणि देहाचा एक लहानसा भाग, कानाची पाळी, त्याने थंडीच्या स्वाधीन केलेला असतो. जेजुरीचा खंडोबा बाणाईसाठी गड सोडून धनगरवाड्यावर चाकरीला राहिला अशी कथा आहे, आणि चंपाषष्ठीला, म्हणजे नेमकी थंडी पडू लागते तेव्हा, त्याचा उत्सव असतो. देवाने वाड्यावर काय काय केले ह्याची गाणी पुष्कळ आहेत. तो निजत कसा असेल, हे मला कोणाला विचारायचे सुचले नाही. पण राखण करणाऱ्या देवाला वेगळी खोळ असेल असे वाटत नाही. मी हळूच माझ्या गुंडाळीची एक कड सोडली. गार हवेचा एक पट्टा मानेपाशी आला, आणि त्याच्याबरोबर मेंढ्यांच्या रवंथीचा आवाज, दूर महामार्गावरच्या मालमोटारीची घरघर, आणि पाण्याच्या दिशेने हंसांचे कसले तरी भांडण.

सकाळी शेतकरी मोटारसायकलवरून आला तो कानाला मफलर गुंडाळून. त्याला आणखी दोन रात्री मेंढरे हवी होती, शेताच्या खालच्या अंगाला, ओढ्याकडे. मामांनी त्या बाजूला एकवार पाहिले. ओढ्यावर अजून धुक्याची लांब पट्टी होती.

"तकडं गारठा साचतुय, पावणं. पोरं बारकी हाईत मेंढरांची."

"अहो तात्या, त्या कोपऱ्यालाच खत न्हाय पोचलं. पायलीभर ज्वारी वाढवून देतो."

"दोन पायल्या करा. अन् कुंपनाची बाभळ तोडू नका संक्रांतीपातूर. वारं फिरतंय."

शेतकरी हसला, गाडी स्टँडवर लावली आणि आगटीची राख बोटाने उकरून तीत अजून काही शेकण्याजोगे उरले आहे का ते पाहू लागला. बोलणे पायलीच्या मापावर अडले होते. घोडीवर अर्धे सामान चढलेले होते, अर्धे खाली होते, आणि मामांची सून दोन्हींच्या मध्ये वाघर हातात धरून उभी होती. ती बांधायची की सोडायची, ह्याचा निकाल अजून लागायचा होता.